घरातली डिजिटल फोटो फ्रेम : निवड आणि वापर

डिजिटल फोटो फ्रेम म्हणजे चौकटीत बसवलेला छोटा एलसीडी पडदा. त्याच्या पाठीशी एक साधा प्रोसेसर, थोडी मेमरी आणि एकामागून एक फोटो दाखवत राहणारा प्रोग्रॅम, एवढाच तिचा संसार. बहुतेक फ्रेममध्ये बॅटरी नसते. वायर कायम प्लगला लागलेली असते. फोन किंवा टॅबहून ही वस्तू एका बाबतीत निराळी आहे : तिच्यावर काही करायचे नसते. येता-जाता नजर पडली की तिचे काम झाले. त्यामुळे फ्रेम निवडताना प्रत्येक सोयीला एकच प्रश्न विचारलेला बरा : हात न लावता हे चालते का? पुष्कळ घरांत फ्रेम दोन-तीन महिन्यांत बंद पडून शोकेसच्या मागच्या फळीवर जाते. तिथे पडदा वाईट निघालेला असतो असे क्वचितच घडते. बहुधा ती चालू ठेवायला रोज कुणाला तरी उठावे लागत असते, नाहीतर तिच्यात पाहण्याजोगे फोटोच नसतात.

अशा फ्रेम 1990 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात दिसू लागल्या. 2000 साली अमेरिकेत सेइव्हा नावाच्या कंपनीने टेलिफोनच्या तारेला जोडायची फ्रेम विकायला आणली. ती रात्री स्वतःच फोन लावून नवे फोटो उतरवून घेई आणि सकाळी ते दाखवी. कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरी नातवंडांचे फोटो पोचावेत, ही त्यामागची कल्पना. आजच्या वायफाय फ्रेमचाही खरा ग्राहक तोच आहे : मुलगी पुण्यात किंवा परदेशात, आई-वडील साताऱ्यात किंवा सावंतवाडीत. मधल्या काळात, साधारण 2006 ते 2010 दरम्यान, मेमरी कार्डावर चालणाऱ्या स्वस्त फ्रेमचा सुळसुळाट झाला आणि वाढदिवसाची भेट म्हणून त्या घरोघर आल्या. पुढे स्मार्टफोनचे पडदे मोठे झाले तसा हा बाजार आटला. कोडॅकने फेब्रुवारी 2012 मध्ये डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर फोटो फ्रेमही बंद करत असल्याचे जाहीर केले. वायफाय घरोघरी पोचले आणि अ‍ॅपमधून थेट फोटो धाडता येऊ लागले, तेव्हा फ्रेमला पुन्हा दिवस आले.

आज मिळणाऱ्या फ्रेमचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्या प्रकारात कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घालायचा आणि फ्रेम चालू करायची. इंटरनेटचा संबंध नाही. दुसरा प्रकार वायफायचा. फोनवर कंपनीचे अ‍ॅप घ्यायचे, फ्रेमवर दिसणारा कोड त्यात टाकायचा आणि मग जगाच्या पाठीवर कुठूनही फोटो पाठवायचे. फ्रेम ज्यांच्या घरी आहे त्यांनाच ती सांभाळता येत असेल आणि फोटोही त्यांच्याचकडे असतील, तर कार्डाची फ्रेम पुरते. ती स्वस्त असते, कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नसते आणि दहा वर्षांनीही तशीच चालते. फोटो काढणारे एकीकडे आणि पाहणारे दुसरीकडे असतील तर वायफायला पर्याय नाही. दर महिन्याला कार्ड कुरिअरने पाठवण्याचा उत्साह दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही.

पडद्याच्या आकाराबाबत गफलत हमखास होते. इंचांचा आकडा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजलेला असतो. 7 इंची फ्रेमवरचे चित्र जेमतेम स्टुडिओतल्या 4 बाय 6 च्या प्रिंटएवढे असते. 10.1 इंचीवर ते सुमारे 22 सेंटिमीटर रुंद आणि साडेतेरा सेंटिमीटर उंच भरते. टेबलावर, हाताच्या अंतरावर ठेवायची असेल तर 7 ते 8 इंच चालून जातात. हॉलमध्ये सोफ्यावरून पाहायची असेल तर 10 इंच हा किमान आकार समजावा आणि घरात चष्म्याचे नंबर मोठे असतील तर 15 इंचांकडे वळावे. लग्नातल्या ग्रुप फोटोचेच पाहा. एका रांगेत 15 माणसे उभी असतील तर 10 इंची पडद्यावर प्रत्येकाच्या वाट्याला दीड सेंटिमीटरही येत नाही. चेहरा तर अर्ध्या सेंटिमीटरचा. दोन मीटरवरून नवरा-नवरी कोण एवढेच कळेल आणि तेही कपड्यांवरून.

रिझोल्यूशनचे गणित अंतराशी बांधलेले आहे. चांगल्या नजरेला कोनाच्या एका मिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. त्या हिशेबाने 60 सेंटिमीटरवरून पाहताना इंचाला साधारण 145 पिक्सेल असले की ठिपके जाणवत नाहीत; दोन मीटरवरून पाहताना 45 सुद्धा पुरतात. 1280 बाय 800 पिक्सेलचा 10.1 इंची पडदा इंचाला सुमारे 150 पिक्सेल देतो. घरगुती वापराला एवढे खरोखर पुरेसे आहे. त्याच आकारात 1024 बाय 600 चा पडदा इंचाला 117 वर येतो आणि जवळून पाहिल्यास केसांच्या, साडीच्या काठाच्या रेषा दातेरी दिसतात. टेबलावरच्या फ्रेमसाठी तो टाळावा. जाहिरातीत एक मेख असते. ‘1920 बाय 1080 सपोर्ट’ असे लिहिलेले असले, तरी त्याचा अर्थ तेवढ्या आकाराची फाइल फ्रेम उघडू शकते इतकाच असू शकतो. पडद्यावर प्रत्यक्ष किती पिक्सेल आहेत ते निराळ्या ओळीत, बहुधा बारीक अक्षरात असते. वाचायची ती ओळ.

रिझोल्यूशनपेक्षा जास्त त्रास देते ते पडद्याच्या लांबी-रुंदीचे प्रमाण, आणि विक्रेता त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. फोनचे कॅमेरे मुळात 4:3 प्रमाणात फोटो काढतात, मोठे कॅमेरे 3:2 मध्ये. फ्रेमचे पडदे मात्र बहुतांशी 16:10 किंवा 16:9 चे, म्हणजे टीव्हीसारखे लांबट असतात. मग फ्रेमपुढे दोनच वाटा उरतात. फोटो पूर्ण दाखवायचा तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे सोडायचे, किंवा पडदा भरायचा तर फोटोचा वर-खालचा भाग कापायचा. 4:3 चा आडवा फोटो 16:10 पडद्यावर भरला की त्याचा सहावा हिस्सा जातो, 16:9 वर चौथा हिस्सा. उभ्या फोटोची तर दैना होते. आडव्या 16:10 पडद्यावर तो भरला तर निम्म्याहून जास्त फोटो गायब. नऊवारी नेसून उभ्या असलेल्या आजीची फक्त कंबर आणि हात दिसतात ते यामुळेच. म्हणून 4:3 प्रमाणाचा पडदा मिळत असेल तर तो इंचभर लहान असला तरी घ्यावा, फोनच्या फोटोंना तोच फिट बसतो. तो नसेल तर दोन उभे फोटो शेजारी-शेजारी मांडून दाखवणारी फ्रेम पाहावी. फोनवर उभे फोटो काढण्याची सवय आता इतकी रुळली आहे की ही सोय शोभेची राहिलेली नाही.

पडद्याचा प्रकार आयपीएस असावा. जुन्या टीएन पद्धतीच्या पडद्यावर समोरून रंग ठीक दिसतात, पण खालून किंवा बाजूने पाहिले की चेहरे काळवंडतात, नाहीतर फिकट पडतात. फ्रेमकडे कुणी नाकासमोर बसून पाहत नाही. स्वयंपाकघरातून बाहेर येताना, जिन्यावरून उतरताना, जमिनीवर भाजी निवडत असताना ती दिसते. तेव्हा इथे तडजोड नको. पृष्ठभाग मॅट असेल तर उत्तम. चकचकीत काचेवर दुकानात रंग खुलतात, घरी मात्र तिच्यात समोरची ट्यूबलाइट आणि पंख्याची पाती फिरताना दिसतात. खोलीतल्या उजेडाप्रमाणे चमक आपोआप कमी-जास्त करणारा सेन्सर असेल तर संध्याकाळनंतर फ्रेम डोळ्यांना टोचत नाही.

मेमरीच्या आकड्याला भुलू नये. फोनच्या 12 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो 4000 बाय 3000 पिक्सेलचा आणि साधारण 3 ते 5 एमबीचा असतो. 1280 पिक्सेल रुंद पडद्यावर त्यातला फार थोडा तपशील कामी येतो. लांब बाजू 1920 पिक्सेलवर आणून जतन केलेला फोटो बहुधा एक एमबीच्या आत बसतो आणि फ्रेमवर तसाच दिसतो. म्हणजे 8 जीबी जागेतही काही हजार फोटो मावतात, आणि घरच्या फ्रेमला इतके लागतच नाहीत. फाइलच्या प्रकाराची अडचण मात्र खरी आहे. 2017 पासून आयफोन आपले फोटो एचईआयसी प्रकारात साठवतो. कार्डाच्या बऱ्याच फ्रेम फक्त जेपीईजी ओळखतात, त्यामुळे कार्ड भरलेले असूनही पडदा कोरा राहतो. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले की पुढचे फोटो जेपीईजीत येतात. आधीचे बदलून घ्यावे लागतात. दुसरी खोच कार्डाची. 32 जीबीपेक्षा मोठी कार्डे कारखान्यातून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि जुन्या फ्रेमला ती वाचता येत नाहीत. दुकानदार 64 जीबीचे कार्ड आग्रहाने गळ्यात मारत असला तरी 16 किंवा 32 जीबीचेच घ्यावे.

वायफाय फ्रेमची खरी परीक्षा पडद्याबाहेर असते. फोटो फ्रेमच्या स्वतःच्या मेमरीत उतरतात की दर वेळी इंटरनेटवरून आणले जातात, हे आधी पाहावे. पहिल्या प्रकारची फ्रेम नेट गेले तरी चालू राहते. दुसरी बंद पडते किंवा एकच फोटो दाखवत बसते. गावाकडच्या घरी ब्रॉडबँड नसेल आणि सुट्टीला आलेल्या नातवाच्या फोनचा हॉटस्पॉट एवढेच नेट असेल, तर पहिलाच प्रकार उपयोगी. दोन दिवसांत नवे फोटो उतरतात आणि पुढच्या सुट्टीपर्यंत पुरतात. पुष्कळ फ्रेम फक्त 2.4 गिगाहर्ट्झचे वायफाय पकडतात. राउटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ एकाच नावाने देत असेल आणि फ्रेम जोडली जात नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत. वाड्याच्या दोन फुटी भिंतींतून किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरात सिग्नल पलीकडच्या खोलीत पोचेलच असे नाही. फ्रेम जिथे ठेवायची तिथे फोन नेऊन वायफायच्या रेघा मोजणे, ही सोपी चाचणी.

कंपनीच्या सेवेबद्दलही विचारून घ्यावे. काही कंपन्या फोटो पाठवणे फुकट ठेवतात, पण व्हिडिओ, जास्त जागा किंवा फोटोखालच्या ओळी यांसाठी वर्षाची वर्गणी मागतात. अटी मधेच बदलतात हेही धरून चालावे. फ्रेम गुगल फोटोजच्या अल्बमला एकदा जोडली की त्यात टाकलेला नवा फोटो आपोआप फ्रेमवर येई, ही अनेकांची आवडती सोय. गुगलने 31 मार्च 2025 पासून बाहेरच्या अ‍ॅपना अख्ख्या अल्बममध्ये शिरण्याची मुभा काढून घेतली, आणि कितीतरी फ्रेमच्या मालकांना फोटो पुन्हा हाताने निवडून धाडण्याची पाळी आली. सर्व्हर बंद झाला तरी निदान कार्ड किंवा पेन ड्राइव्ह घालून चालेल अशी फ्रेम घेतली की वस्तू पूर्ण वाया जात नाही.

वीज हा खर्चाचा विषय नाही. 10 इंची फ्रेम साधारण 5 ते 10 वॉट घेते. 10 वॉट धरले आणि ती रोज 16 तास चालली तर महिन्याला पाच युनिटच्या आतच राहते. प्रश्न वीज जाण्या-येण्याचा आहे. लाइट गेल्यावर परत आली की फ्रेमने आपणहून सुरू होऊन फोटो दाखवायला लागावे. काही फ्रेम तसे करत नाहीत. त्या मेनूवर थांबतात आणि कुणीतरी रिमोटचे बटण दाबण्याची वाट पाहतात. रिमोट सापडत नाही, आणि फ्रेमची कारकीर्द तिथेच संपते. फ्रेम घरी आली की पहिल्याच दिवशी चालू फ्रेमचा प्लग उपटून परत लावून पाहावा. कार्डाच्या फ्रेमची दुसरी खोड म्हणजे वीज गेली की घड्याळ पुसले जाते आणि सकाळी सातला चालू, रात्री दहाला बंद असे लावलेले वेळापत्रक कोलमडते. वायफाय फ्रेम वेळ नेटवरून घेते, तिला हा आजार नाही. परदेशातून कुणी फ्रेम आणली तर अ‍ॅडाप्टरवरची बारीक अक्षरे वाचावीत : 100 ते 240 व्होल्ट असे असेल तर फक्त पिनांचा कन्व्हर्टर पुरतो, केवळ 110 किंवा 120 व्होल्ट लिहिले असेल तर तो आपल्या 230 व्होल्टच्या प्लगला लावू नये.

फ्रेमची जागा नेमकी प्लगच ठरवतो. भिंतीवर सुंदर जागा सापडते, पण तिथून लोंबणारी काळी वायर सगळी शोभा घालवते. त्यामुळे शोकेस, टीव्हीखालचे युनिट किंवा कोपऱ्यातला टीपॉय याच जागा उरतात. खिडकीच्या समोर ठेवली तर काचेवर उजेड परावर्तित होतो, खिडकीला पाठ करून ठेवली तर मागच्या प्रकाशापुढे पडदा मलूल दिसतो; खिडकी बाजूला येईल अशी ठेवावी. उंची बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत. स्वयंपाकघरात फोडणीच्या वाफेचा तेलकट थर काचेवर आणि मागच्या जाळीत बसतो, म्हणून ओट्यापासून ती लांबच बरी. पुसायला चष्म्याचे मऊ फडके, तेही कोरडे. काच साफ करण्याचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की तो कडेने आत झिरपतो. समुद्रकाठच्या दमट हवेत फ्रेम पावसाळाभर बंद ठेवू नये. रोज काही तास चालली की तिच्या स्वतःच्या उबेने आतला ओलावा कमी होतो.

एवढे जमले की खरे काम सुरू होते : फोटो निवडण्याचे. फोनमधले सगळेच फोटो फ्रेमला जोडून टाकावेत हा मोह सोपा आणि घातक. फोनच्या गॅलरीत सुप्रभातच्या फुलांपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत काय वाटेल ते असते, आणि पाहुणे चहा घेत असताना पडद्यावर आधार कार्ड किंवा पासबुकाचे पान झळकू शकते. फ्रेमसाठी वेगळा अल्बम करावा आणि त्यात हाताने वेचून दीडशे-दोनशे फोटो ठेवावेत. हा आकडा हवेतला नाही. प्रत्येक फोटो 30 सेकंद राहिला तर 200 फोटोंची एक फेरी शंभर मिनिटांत होते; घरात वावरणाऱ्याला दिवसभरात बहुतेक फोटो एकदा तरी दिसतात आणि कंटाळाही येत नाही. 3000 फोटो दहा सेकंदांनी पळवले तर एका फेरीला आठ तासांहून जास्त वेळ लागतो आणि कुठलाच फोटो ओळखीचा होत नाही.

निवडताना एका प्रसंगाचे पाच-सहाच फोटो घ्यावेत. मुंजीचे चाळीस फोटो मुंजीच्या अल्बममध्येच शोभतात. फ्रेमवर चेहरा मोठा दिसणारे फोटो टिकतात, डोंगर-सूर्यास्ताचे लवकर मरतात, कारण त्यांच्याविषयी कुणाला काही बोलायचे नसते. याउलट जुन्या घराचे अंगण, वडिलांची पहिली स्कूटर, दुकानाची जुनी पाटी, चाळीची गॅलरी असले फोटो दिसले की घरातला कुणीतरी थांबून सांगू लागतो. मुलांनी दर दिवाळीत केलेल्या किल्ल्याचा एकेक फोटो ओळीने लावला तर मुलेही मोठी होताना दिसतात आणि किल्लेही. ग्रुप फोटो आवडता असेल तर तो कापून त्याचे तीन-चार तुकडे करावेत. पहिल्या रांगेतल्या आत्या, कोपऱ्यातले मामा असे वेगवेगळे फोटो होतात आणि चेहरे ओळखू येतात. अल्बम वर्षातून तीन-चारदा बदलावा. गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी या त्याच्या सोयीच्या तारखा. दिवंगतांच्या फोटोंबद्दल घरागणिक मते वेगळी असतात. हार घातलेला फोटो भिंतीवर असतो, तो सहलीच्या आणि वाढदिवसाच्या फोटोंमध्ये फिरताना पाहणे अनेकांना रुचत नाही. त्याच माणसाचा हसताना, पत्ते खेळताना, नातवाला कडेवर घेतलेला फोटो मात्र सगळ्यांना हवा असतो. तो घ्यावा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंना उगीच नावे ठेवली जातात. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो ते अ‍ॅप दाबून लहान करते, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणते. पण 1280 पिक्सेलच्या पडद्याला तेवढे पुरून उरतात. नुकसान दुसरेच होते. फोटोबरोबर साठवलेली, तो कधी आणि कुठे काढला ही माहिती वाटेत गळून पडते. फाइलच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती व्हॉट्सअ‍ॅपवर आल्याची. मग 2009 च्या सहलीचा कालच फॉरवर्ड झालेला फोटो फ्रेमवर कालच्या फोटोंत जाऊन बसतो. मूळ फोटो हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.

कागदावरचे जुने फोटो हा फ्रेमचा सर्वांत मोठा ठेवा, आणि त्यांना सर्वांत जास्त मेहनत लागते. 4 बाय 6 इंची प्रिंट 300 डीपीआयने स्कॅन केली तर 1800 बाय 1200 पिक्सेलची फाइल मिळते. फ्रेमला ती भरपूर झाली. पासपोर्ट किंवा पाकिटात बसणारे लहान फोटो 600 ने स्कॅन करावेत. स्कॅनर नसेल तर फोनही चालतो. गुगलचे फोटोस्कॅन हे अ‍ॅप एकाच फोटोच्या चार-पाच प्रतिमा वेगवेगळ्या कोनांतून घेऊन त्या जोडते, त्यामुळे चकाकी निघून जाते. प्लास्टिकच्या पापुद्र्याखाली चिकट पानावर लावलेले फोटो जोर करून उपटू नयेत. कागद फाटतो, वरचा थर पानालाच राहतो. ते जागच्या जागीच टिपावेत. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले रंगीत फोटो लालसर झालेले दिसतात, कारण त्या काळच्या पुष्कळ प्रिंटमधला निळसर हिरवा रंग इतरांच्या आधी विटतो. कुठल्याही फोटो अ‍ॅपमध्ये रंगाची पट्टी थोडी निळ्या-हिरव्याकडे सरकवली की चेहऱ्यांना बरीच रया येते. पूर्ण जुने रूप परत आणण्याच्या नादी न लागलेले बरे. तिथपर्यंत ओढले की कातडी प्लास्टिकची दिसू लागते.

स्कॅन केलेल्या फाइलवर स्कॅनची तारीख पडते. फ्रेम तारखेनुसार फोटो लावत असेल तर 1962 सालचे लग्न या वर्षीच्या बारशानंतर येते. उपाय सोपा : फाइलच्या नावाची सुरुवातच सालाने करावी, 1962, 1978, 1991 अशी, आणि फ्रेमला नावानुसार लावायला सांगावे. साल नक्की नसेल तर दशक घालावे. फोटोच्या पाठीवर शाईने लिहिलेला मजकूर, स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठही टिपून ठेवावी. आणि घरातली जुनी माणसे समोर आहेत तोवर एकेक फोटो पुढे करून नावे विचारून घ्यावीत. मधली रांग, डावीकडून तिसरी कोण, हे सांगणारे एका घरात एकदोघेच असतात.

ही नावे फ्रेमवर दिसावीत अशी इच्छा असेल तर विकत घेण्याआधीच फ्रेममध्ये देवनागरी नीट उमटते का ते पाहावे. काही फ्रेमवर अक्षरांच्या जागी चौकोन येतात, काहींवर जोडाक्षरे मोडतात आणि वेलांटी भलतीकडे जाते. ‘कृष्णराव’ हे एक नाव टाकून पाहिले तरी निकाल लागतो. नाव फुटत असेल तर फोनवरच फोटोच्या खालच्या कडेला ओळ लिहून ती फोटोचाच भाग करून टाकावी. मग कुठलीही फ्रेम ती बिघडवू शकत नाही.

फ्रेमच्या आतल्या सेटिंगमध्ये फार रमण्यासारखे नाही. फोटो बदलण्याची वेळ 30 सेकंद ते एक मिनिट ठेवावी. फोटो बदलताना तो पानासारखा उलटणे, चौकोनांत फुटणे, गोल फिरणे हे प्रकार बंद करून फक्त विरघळत जाणारा बदल ठेवावा. डोळ्याच्या कडेला सतत काही हलत राहिले की माणूस वैतागतो आणि फ्रेम बंद करतो. फोटो सालवार लावायचे नसतील तर क्रम मिसळलेला ठेवावा. कारखान्यातून येतानाची चमक दुकानाच्या झगमगाटासाठी असते, ती घरात 50-60 टक्क्यांवर आणावी, आणि रंग निळसर असतील तर उबदार करावेत. आवाज बंद. फोटो आडवे पडून येत असतील तर दोष फोनचा नसतो : फोन फोटो कुठल्या बाजूने पाहायचा याची खूण फाइलमध्ये ठेवतो आणि काही फ्रेम ती खूण वाचत नाहीत. कॉम्प्युटरवर फोटो फिरवून पुन्हा जतन केला की तो सरळ उभा राहतो.

नवी फ्रेम न घेता जुना टॅब वापरता येतो, आणि पडदा म्हणून तो अनेकदा फ्रेमपेक्षा सरसच असतो. अडचण बॅटरीची. ती रात्रंदिवस पूर्ण चार्ज आणि गरम अवस्थेत राहिली की लिथियम बॅटरी फुगते. टॅबची पाठ उचललेली दिसली तर तो तत्काळ बंद करून बाजूला ठेवावा. टायमरच्या प्लगवर लावून दिवसातले थोडेच तास चार्जिंग चालू ठेवणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. टॅबचा पडदा ओलेड असेल तर चमक कमी हवी, कारण घड्याळासारखी कायम एका जागी असलेली आकृती त्यावर डाग धरते. हॉलमधला टीव्हीही फोटो दाखवू शकतो, पण तो फ्रेमच्या कित्येक पट वीज खातो आणि मालिकेच्या वेळी फोटोंना जागा मिळत नाही. बोलून चालवायचे स्मार्ट डिस्प्ले फोटो छान दाखवतात, मात्र मध्येमध्ये स्वतःच्या सूचना पेरतात. रंगीत ई-पेपरच्या फ्रेम नव्या आहेत. फोटो बदलतानाच काय ती वीज लागते, त्यामुळे वायरची कटकट नाही आणि भिंतीवर त्या छापील चित्रासारख्या दिसतात. पण रंग फिके असतात आणि एक फोटो उमटायला कित्येक सेकंद जातात. दिवसाला एक फोटो पुरत असेल तरच त्यांचा विचार करावा.

वायफाय फ्रेम हा इंटरनेटला जोडलेला कॉम्प्युटरच आहे हे विसरले जाते. 2008 च्या सुमारास अमेरिकेत विकल्या गेलेल्या काही फ्रेममध्ये कारखान्यातूनच व्हायरस आलेला आढळला होता. फ्रेम कॉम्प्युटरला जोडली की तो त्यात शिरे. आज धोका नेटच्या वाटेने येतो, विशेषतः जुन्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या आणि कधीच अपडेट न मिळणाऱ्या निनावी फ्रेममधून. राउटरवर पाहुण्यांसाठीचे वेगळे नेटवर्क असेल तर फ्रेम त्यावर ठेवावी, म्हणजे घरातले कॉम्प्युटर आणि फोन तिच्या टप्प्यात येत नाहीत. फ्रेमचा कोड कुटुंबाच्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये, चार-पाच जणांना वेगवेगळा द्यावा; कोड ज्याच्या हाती तो वाटेल ते फोटो थेट हॉलमध्ये पोचवू शकतो. लहान मुलांचे फोटो कंपनीच्या सर्व्हरवर राहणार हे ज्यांना नको असेल, त्यांच्यासाठी कार्डाची फ्रेम आजही सर्वांत निर्धोक.

फ्रेममधले फोटो ही प्रत असते, साठा नव्हे. मूळ फोटो कॉम्प्युटरवर आणि शिवाय एखाद्या हार्ड डिस्कवर असायला हवेत, कारण स्वस्त कार्ड काही वर्षांनी मुकाट्याने दगा देते. फ्रेम कुणाला द्यायची किंवा भंगारात टाकायची झाली तर आधी कार्ड आणि पेन ड्राइव्ह काढून घ्यावा, मग मेनूतून फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे आतले फोटो आणि वायफायचा पासवर्ड दोन्ही पुसले जातात. सर्वांत शेवटी घरातल्या ज्यांच्या-ज्यांच्या फोनवर अ‍ॅप आहे त्यांनी त्यातून ती फ्रेम काढून टाकावी. नाहीतर बारामतीहून पाठवलेला बारशाचा फोटो त्या फ्रेमच्या नव्या मालकाच्या घरी जाऊन पोचायचा.